टिंबें, रेघा आणि चित्रांतील गुप्त संदेश

उघड्या वस्तूपेक्षां झांकलेल्या वस्तूची ओढ मनुष्यास अधिक असते. पेटी उघडी असली तर तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाहीं. तिलाच कुलूप घातलें कीं आंत काय असेल या विचारानें झोंप लागत नाहीं. अलीकडे मोबाइलच्या पडद्यावर जीं नानाविध चित्रें येतात त्यांत कोड्याचीं चित्रें पुष्कळ असतात. एखाद्या चित्रांत जुनें घर असतें व त्याच्या कुंपणाच्या कांहीं पट्ट्या आंखूड आणि कांहीं लांब असतात; एखाद्यांत समुद्रावरचे पक्षी कोठें जवळ तर कोठें दूर बसलेले असतात; आणि खालीं लिहिलेलें असतें कीं, यांत एक गुप्त संदेश आहे, तो शोधा. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी अशीं चित्रें आमच्यापुढें ठेवून विचारतात, "सर, ही मोर्सची लिपि आहे काय?" त्यांचे पालक विचारतात, "सर, यांत मुलांचा वेळ फुकट जातो कीं कांहीं लाभ होतो?" हे दोन्ही प्रश्न योग्य आहेत, व त्यांचें उत्तर एकाच वेळीं द्यावें या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

प्रथम मोर्सची लिपि म्हणजे काय तें पाहूं. अमेरिकेंतील सॅम्युएल मोर्स हा मूळचा चित्रकार. विजेच्या तारेनें संदेश पाठविण्याची युक्ति त्यानें व त्याचा सहकारी आल्फ्रेड व्हेल यानें मिळून पूर्णत्वास नेली आणि १८४४ सालच्या मे महिन्याच्या २४ तारखेस वॉशिंग्टन शहराहून बाल्टिमोर येथें पहिला जाहीर संदेश धाडला. तो पवित्र शास्त्राच्या गणना नामक पुस्तकांतील एक लहानसें वाक्य होता. विजेच्या तारेंतून शब्द जात नाहींत. प्रवाह सुरू करणें व बंद करणें एवढेंच काय तें हातांत असतें. तेव्हां थोडा वेळ प्रवाह म्हणजे टिंब आणि जास्त वेळ प्रवाह म्हणजे रेघ, अशा दोनच खुणा घेऊन सर्व अक्षरें बसविण्यांत आलीं. इंग्रजींत जें अक्षर वारंवार येतें त्यास आंखूड खूण व जें क्वचित् येतें त्यास लांब खूण, अशी ही योजना आहे. म्हणून ई या अक्षरास केवळ एक टिंब आणि टी यास केवळ एक रेघ. दोन टिंबें म्हणजे आय. टिंब-रेघ म्हणजे ए. रेघ-टिंब म्हणजे एन. दोन रेघा म्हणजे एम. तीन टिंबें म्हणजे एस, तीन रेघा म्हणजे ओ, आणि रेघ-टिंब-रेघ म्हणजे के. बुडत्या जहाजाची प्रसिद्ध हांक म्हणजे तीन टिंबें, तीन रेघा, तीन टिंबें. ही १९०६ सालच्या बर्लिन येथील परिषदेंत ठरली व १९०८ पासून अमलांत आली.

परंतु या लिपींत टिंब आणि रेघ यांहूनही महत्त्वाची अशी एक तिसरी गोष्ट आहे व तिच्याकडे नवशिक्यांचें लक्ष सहसा जात नाहीं. ती म्हणजे मधली मोकळी जागा. रेघेचा काळ टिंबाच्या तिप्पट असतो हें सर्वांस ठाऊक असतें. पण एकाच अक्षरांतील दोन खुणांमध्यें एका टिंबाइतकी विश्रांति, दोन अक्षरांमध्यें तीन टिंबांइतकी आणि दोन शब्दांमध्यें सात टिंबांइतकी, हाही नियम तितकाच पक्का आहे. गाणाऱ्यास ताल सोडून चालत नाहीं, तसें तार पाठविणारास ही विश्रांति सोडून चालत नसे. याचें कारण पुढें येईल.

आपल्या देशांत डॉक्टर ओशॉनेसी यांनीं १८३९ सालीं कलकत्त्यास तारेचे प्रयोग केले, आणि १८५०-५१ च्या सुमारास कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी पहिली तार घातली गेली. पुढील चार-पांच वर्षांत मुंबई, आग्रा व मद्रास हीं शहरें तारेनें जोडलीं गेलीं. कोंकणांतील जुन्या मंडळींस तारेची आठवण निराळ्याच कारणानें आहे. घरचा कर्ता मुलगा मुंबईस गिरणींत नाहींतर गोदींत चाकरीस असे. त्याचें पत्र आठवड्यांनीं येई, पण तार आली कीं ती बहुधा दुःखाचीच असावयाची. कागद उघडून वाचण्यापूर्वींच घरांत रडें सुरू होई. नोकरी लागल्याची वा नातू झाल्याची तार असली तरी ती वाचून दाखवीपर्यंत कोणाच्या जिवांत जीव नसे. शब्दांगणिक पैसे पडत म्हणून वाक्यें कातरून पाठवीत. त्यामुळें थोडक्यांत लिहिणें ही एक कलाच होऊन बसली होती. काळानुसार मोर्सचीं यंत्रें जाऊन दुसरीं आलीं, आणि १४ जुलै १९१३ नव्हे, तर अगदीं परवां म्हणावे अशा २०१३ सालच्या जुलैच्या १४ तारखेच्या रात्रीं आपल्या देशांतील तारसेवा कायमची बंद झाली. आज आठवी-नववींत असलेल्या मुलांपैकीं कोणीही तार आलेली पाहिलेली नाहीं. तार गेली, परंतु टिंब-रेघांची लिपि मात्र कोड्यांच्या रूपानें जिवंत राहिली, हा एक चमत्कारच म्हणावयाचा.

गुप्त खुणांची ही विद्या केवळ पाश्चात्त्यांचीच, असें मात्र कोणी समजूं नये. मराठींत करपल्लवी व नेत्रपल्लवी हे दोन शब्द जुने आहेत. करपल्लवी म्हणजे हाताच्या खुणांची भाषा. हात नागाच्या फडीसारखा केला कीं स्वर, कमळासारखा केला कीं क-वर्ग, चक्राची खूण केली कीं च-वर्ग, अशा रीतीनें आधीं वर्ग सांगावयाचा. मग बोटें दाखवून त्या वर्गांतील कितवें अक्षर तें सांगावयाचें. आणि चुटक्या वाजवून मात्रा सांगावयाच्या. कमळाची खूण करून तीन बोटें दाखविलीं म्हणजे झाला ग. आपली वर्णमाला मुळांतच वर्गांनीं बांधलेली असल्यामुळें ही योजना किती सोपी व किती शास्त्रीय आहे हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें. गुरांच्या बाजारांत उपरण्याखालीं बोटें दाबून बैलाची किंमत ठरविणारे दलाल याच कुळांतले. तसेंच महानुभाव पंथाच्या मंडळींनीं आपले ग्रंथ चौदाव्या शतकापासून सकळ लिपि व तशाच दुसऱ्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले. त्यामुळें मराठींतील अत्यंत जुनें गद्य शेंकडों वर्षें इतरांस अज्ञात राहिलें, व विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनीं त्या लिपींत लक्ष घातलें तेव्हां तें भांडार महाराष्ट्रास खुलें झालें. संकेत फोडण्याच्या विद्येचा याहून मोठा लाभ मराठी भाषेस दुसरा झाला नसेल.

आतां चित्रांत लपविलेल्या मोर्सच्या संदेशांकडे वळूं. अशीं चित्रें खरोखरच झालीं आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं अमेरिकेंत टपालाची तपासणी करणारें मोठें खातें होतें. पत्रांतून बुद्धिबळाचे डाव पाठविण्यास बंदी होती. शब्दकोडीं काढून टाकीत. लोंकर विणण्याच्या सूचनाही संशयानें पाहत, कारण कोठें काय दडविलें असेल याचा नेम नव्हता. याच खात्याच्या सॅन अँटोनिओ येथील मंडळींनीं आपले वरिष्ठ कर्नल हॅरॉल्ड शॉ यांच्या ११ मे १९४५ च्या भेटीप्रीत्यर्थ एक चित्र काढलें. चित्र साधेंच होतें. शहरांतून वाहणारी नदी व तिच्या कांठचें गवत. परंतु गवताचीं पातीं कांहीं आंखूड व कांहीं लांब होतीं, आणि नदीच्या कांठाकांठानें तीं वाचीत गेलें असतां कर्नलसाहेबांच्या स्वागताचा मजकूर लागत असे. जन्मभर दुसऱ्यांचीं गुपितें शोधणाऱ्यास त्याच्याच हाताखालच्यांनीं घातलेलें हें कोडें होय.

त्याच युद्धांत मेजर अलेक्सिस कॅस्डॅग्ली हा इंग्रज अधिकारी १९४१ सालीं क्रीट बेटावर जर्मनांच्या हातीं सांपडला. कैदेंत वेळ जाईना म्हणून त्यानें कापडावर भरतकाम केलें. जर्मन पहारेकऱ्यांस तें इतकें आवडलें कीं तें त्यांनीं निरनिराळ्या छावण्यांत मांडून दाखविलें. त्या भरतकामाच्या कडेस टिंबारेघांची नक्षी होती. तिचा अर्थ लाविला असतां एका ओळींत आपल्या राजाविषयीं शुभेच्छा व दुसरींत हिटलरला दिलेली एक सणसणीत शिवी निघते, जी या मासिकांत छापतां येणार नाहीं! शत्रूनें आपल्याच हातांनीं ती भिंतीवर टांगली होती.

तिसरें उदाहरण नेत्रपल्लवीचें आहे. व्हिएतनामच्या युद्धांत १९६५ सालीं पकडला गेलेला अमेरिकन नौदलाचा वैमानिक जेरेमाया डेंटन यास १९६६ सालीं दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यापुढें बसवून, आम्हांस येथें चांगलें वागवितात, असें त्याच्या तोंडून वदविण्याचा घाट घालण्यांत आला. तोंडानें तो सांभाळून बोलला. परंतु डोळ्यांची पापणी कधीं झटकन् तर कधीं सावकाश मिटून त्यानें सात अक्षरांचा एकच इंग्रजी शब्द सांगितला, ज्याचा अर्थ छळ असा होतो. तीं चित्रें पाहून कैद्यांचा छळ होतो याचा पहिला भरंवशाचा पुरावा अमेरिकेच्या नौदलास मिळाला.

युद्धाबाहेरचीही उदाहरणें आहेत. ऑगस्ट २०१२ मध्यें मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी नांवाच्या गाडीचीं चाकें सुमारें ५० सेंटिमीटर व्यासाचीं आहेत व त्यांच्या पत्र्यास लहान-मोठीं भोंकें पाडलेलीं आहेत. चाक फिरतांना मंगळाच्या धुळींत त्यांचा ठसा उमटतो: टिंब-रेघ-रेघ-रेघ, टिंब-रेघ-रेघ-टिंब, टिंब-रेघ-टिंब-टिंब. म्हणजे जे, पी, एल. ज्या प्रयोगशाळेंत ती गाडी बनली तिच्या नांवाचीं आद्याक्षरें. हा केवळ विनोद नव्हे. ओसाड मैदानांत गाडी किती पुढें सरकली हें ओळखण्यास खूण लागते. चाकाच्या एका फेऱ्यास हा ठसा एकदां उमटतो, म्हणून दोन ठशांमधील अंतर मोजून चाक घसरलें कीं नाहीं तें कळतें. पुढें २०२१ सालच्या फेब्रुवारींत दुसरी गाडी मंगळावर उतरली तेव्हां तिच्या हवाई छत्रीवरील नारिंगी व पांढऱ्या पट्ट्या जरा विचित्र दिसल्या. त्यांत मोर्स नसून एक व शून्य या दोन अंकांची गणनपद्धति होती. अक्षरांस क्रमांक देऊन ते क्रमांक पट्ट्यांत विणले होते, व मोठीं साहसें करा अशा अर्थाचें एक वाक्य त्यांत होतें. चित्र प्रसिद्ध झाल्यावर जगांतील हौशी लोकांनीं कांहीं तासांतच त्याचा उलगडा केला.

येथें आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. संगणकावरील चित्र असंख्य बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें, व प्रत्येक ठिपक्याचा रंग ० पासून २५५ पर्यंतच्या आंकड्यांनीं नोंदलेला असतो. २०० च्या जागीं २०१ लिहिला तर डोळ्यांस काडीचाही फरक दिसत नाहीं. अशा एकेका आंकड्याच्या फरकांत संपूर्ण पत्र दडवितां येतें. तें डोळ्यांनीं शोधून सांपडावयाचें नाहीं. त्यास गणितच पाहिजे. तेव्हां चित्राकडे तासन् तास टक लावून बसणाऱ्यानें हें लक्षांत ठेवावें कीं, मोर्स असेल तर तो दिसण्याजोग्या खुणांतच असला पाहिजे.

मग तो शोधावा कसा? आम्ही विद्यार्थ्यांस पुढील क्रम सांगतों. प्रथम चित्रांत वारंवार येणारी वस्तु शोधावी: पातीं, पट्ट्या, खिडक्या, लाटा, टांके. दुसरें, ती वस्तु दोनच प्रकारची आहे कीं अनेक, हें पट्टीनें मोजून पाहावें. पातीं जर पांच-सहा निरनिराळ्या लांबीचीं असलीं तर तें साधें गवत समजावें. तिसरें, मधल्या जागा मोजाव्या. त्याही दोन वा तीन ठराविक मापांच्या आहेत काय? चौथें, वाचनाचा आरंभ व दिशा ठरवावी. आणि पांचवें, सगळ्या खुणा आधीं कागदावर उतरून घ्याव्या व मगच अक्षरें लावण्यास बसावें. जे विद्यार्थी एक खूण पाहून एक अक्षर, दुसरी पाहून दुसरें, असें करीत जातात, ते मनांत आलेला शब्द चित्रावर लादतात. चित्राचा शब्द त्यांस ऐकूं येत नाहीं.

हें लादणें किती सोपें आहे याचा हिशेब करून पाहूं. रेघ-टिंब-रेघ-टिंब या चार खुणा घ्या. मधल्या जागा ठाऊक नसल्या तर त्या आठ प्रकारांनीं वाचतां येतात. चारही मिळून सी हें एकच अक्षर होईल. तीन व एक असे तोडले तर के आणि ई. दोन व दोन असे तोडले तर एन आणि एन. एक, एक व दोन असे तोडले तर टी, ई, एन, म्हणजे इंग्रजींतील दहा हा शब्द! ज्यास दहा हा आंकडा हवा असेल त्यास तो सांपडणारच. खुणा वाढल्या कीं वाटाही वाढतात. ओळीनें केवळ दहा टिंबें असलीं, तरी मधल्या जागांचा पत्ता नसल्यास तीं अक्षरांत ४०१ प्रकारांनीं तोडतां येतात. गणिताच्या विद्यार्थ्यांनीं हें स्वतः करून पाहावें. त्यांत आणखी उजवीकडून वाचावें कीं डावीकडून, लांब पातें रेघ मानावें कीं टिंब, अशी सूट घेतली तर कोणत्याही कुंपणांतून कोणताही शब्द निघूं शकेल. म्हणूनच वर मोकळ्या जागेचें इतकें महत्त्व सांगितलें. जेथें जागांस नियम नाहीं तेथें संदेश नाहीं, असें समजण्यास हरकत नाहीं.

खरा संदेश ओळखण्याची कसोटी कोणती? आमच्या मतें ती तीन गोष्टींत आहे. पहिली, वाचनांतून एकही खूण शिल्लक राहूं नये. नको त्या खुणा वगळून जो अर्थ निघतो तो अर्थच नव्हे. दुसरी, एकमेकांशीं न बोलतां दोघांनीं वाचलें तरी एकच मजकूर निघाला पाहिजे. याचें उत्तम उदाहरण १८५७ सालचें आहे. इराक देशांतील प्राचीन बाणाकृति लिपीचा उलगडा झाला असें विद्वान म्हणत, पण लोकांस विश्वास येईना. तेव्हां लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीनें एकच लेख रॉलिन्सन, हिंक्स, टॉलबट व ओपर्ट या चौघांकडे दिला. चौघांनीं वेगवेगळीं भाषांतरें करून तीं मोहरबंद लिफाफ्यांत पाठविलीं. लिफाफे फोडून पाहतात तों चौघांचा अर्थ मुख्य गोष्टींत जुळला! त्या दिवसापासून शंकेस जागा उरली नाहीं. तिसरी कसोटी ही कीं, मजकुराच्या पोटांतच त्याच्या खरेपणाची साक्ष असावी.

या तिसऱ्या कसोटीचें उदाहरण आपणांस दूर शोधावयास नको. तें खारेपाटणचेंच आहे. आपल्या गांवीं सांपडलेले शिलाहार राजा रट्टराज याचे तीन ताम्रपट इतिहासाच्या जगांत खारेपाटणचे ताम्रपट म्हणूनच प्रसिद्ध आहेत. ज्यास ती लिपि येत नाहीं त्यास ते पत्रे म्हणजे वांकड्यातिकड्या रेघांचें एक कोडेंच. हें कोडें प्रथम सोडवून प्रसिद्ध करणारे गृहस्थ येथून जवळच असलेल्या पोंभुर्ले गांवचे बाळशास्त्री जांभेकर होत. दर्पण पत्राचे संपादक म्हणून त्यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु वयाचीं पुरतीं पस्तीस वर्षेंही न लाभलेल्या या पुरुषानें प्राचीन लेख वाचण्याचें कामही केलें, हें आमच्या मुलांपैकीं थोड्यांसच माहीत असेल. त्यांच्यानंतर सुमारें पन्नास वर्षांनीं कीलहॉर्न या जर्मन पंडितानें, जे पूर्वीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत संस्कृतचे अध्यापक होते, तेच ताम्रपट पुन्हां तपासून प्रसिद्ध केले. सणफुल्लापासून रट्टराजापर्यंत दहा पुरुषांची वंशावळ त्यांत आहे, आणि एका शिवालयाच्या पूजेअर्चेसाठीं तीन गांवें दिल्याची नोंद आहे.

आतां साक्ष पाहा. लेखाचा काळ शक ९३० असा दिला आहे, म्हणजे इसवी सन १००८. आणि शिवाय संवत्सराचें नांव कीलक असें दिलें आहे. संवत्सरें साठ, व तीं क्रमानें फिरत असतात. शकाच्या आंकड्यांत १२ मिळवून ६० नीं भागलें असतां जी बाकी राहते तो संवत्सराचा क्रमांक, असा पंचांगाचा साधा नियम आहे. ९३० आणि १२ मिळून ९४२. साठानें भागून बाकी ४२. आणि प्रभवापासून बेचाळिसावें नांव मोजलें तर तें कीलकच येतें. आंकडा चुकीचा वाचला असता तर नांव जुळलें नसतें. एक हजार वर्षांमागच्या लेखकानें दिलेल्या दोन खुणा आज आमच्या शाळेंतील मुलाच्या पाटीवर जुळतात. याचें नांव संदेश लागणें. आपल्यास वाटलें म्हणून नव्हे, तर तपासून पाहिलें म्हणून तो खरा.

कोणी म्हणेल, चित्रांतील एखादा शब्द चुकला तर बिघडलें काय? खेळांत फारसें बिघडत नाहीं. परंतु हीच संवय संसारांत नेली तर पुष्कळ बिघडतें. आपल्या कोंकणांत रानांत, देवळाच्या आवारांत जुने कोरीव दगड उभे असतात. वर सूर्य-चंद्र, मध्यें कांहीं अक्षरें आणि खालीं गाढवाचें चित्र असलेला दगड म्हणजे गधेगाळ. त्याचा अर्थ संशोधकांनीं निश्चित केला आहे: हें दान सूर्यचंद्र असेपर्यंत चालावें, व जो तें मोडील त्यास हा शाप. परंतु ज्यास वाचतां येत नाहीं व तपासण्याचा धीर नाहीं, तो या खुणांत पुरलेल्या धनाचा नकाशा पाहूं लागतो. मग कोणी मांत्रिक भेटतो, तो आणखी चार खुणा दाखवितो, रात्रीं खोदकाम होतें, घरचें सोनेंनाणें त्या मांत्रिकाच्या हातीं जातें. आणि महाराष्ट्रांत गुप्तधनाच्या नादीं लागून माणसांचे जीव घेतल्याचीं अघोर कृत्येंही झालीं आहेत. म्हणूनच आपल्या राज्यानें २०१३ सालीं जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, त्यांत गुप्तधनाच्या शोधाच्या मिषानें केलेलीं अमानुष कृत्यें स्पष्टपणें गुन्ह्यांत घातलीं आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची आहे. पुरलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक किंमतीचा खरोखरच सांपडला तर तो जिल्हाधिकाऱ्यांस कळविला पाहिजे, हा कायदा तर १८७८ सालापासूनचा आहे. दगडावर कोरलेला सूर्य म्हणजे सूर्यच कीं सोन्याचा हंडा, हा वाचनाचाच प्रश्न आहे. आणि त्याच्या चुकीच्या उत्तरानें घरें बुडालीं आहेत.

मोबाइलवरील चित्रांचेंही तसेंच आहे. एखाद्या चित्रांत अमुक समाजाची निंदा दडलेली आहे, असें कोणीतरी लिहितो. न तपासतां शेंकडों लोक तें पुढें धाडतात, आणि दोन शेजारी एकमेकांचे वैरी होतात. दुसरें कोणी कोड्याच्या शेवटीं बक्षीस सांगून वडिलांच्या बँकेचा क्रमांक वा फोनवर आलेला गुप्त आंकडा विचारतात. जें कोडें तुमच्या बुद्धीस प्रश्न विचारतें तें कोडें. जें तुमच्या खिशास प्रश्न विचारतें तो गळाला लावलेला मासा समजावा. अशा वेळीं विद्यार्थ्यांनीं निःसंकोचपणें आईवडिलांस सांगावें, व पालकांनींही रागें न भरतां ऐकून घ्यावें. कारण रागाच्या भयानेंच मुलें लपवूं लागतात, आणि घरांत लपविलेला संदेश सर्वांत घातक.

तेव्हां पालकांच्या प्रश्नास आमचें उत्तर असें आहे कीं, हा खेळ नियमानें खेळला तर वेळ फुकट जात नाहीं. त्यांत निरीक्षण आहे, मोजमाप आहे, गणित आहे, इंग्रजी स्पेलिंगाचा अभ्यास आहे. आणि सर्वांत मोठा लाभ म्हणजे, आपणांस हवा तो अर्थ सोडून जो आहे तोच अर्थ स्वीकारण्याची मनास लागणारी शिस्त. पांच चित्रांपैकीं चारांत कांहीं नाहीं असें प्रामाणिकपणें म्हणतां येणें, हें पांचव्यांतला संदेश सांपडण्याइतकेंच मोलाचें आहे. उलट, मध्यरात्रीपर्यंत पडद्याकडे पाहत बसून डोळे व अभ्यास दोन्ही बिघडविणें यास आम्ही खेळ म्हणत नाहीं. चित्र कागदावर उतरून घ्यावें, पडदा बंद करावा, व दिवसाउजेडीं पट्टी-पेन्सिल घेऊन बसावें.

शेवटीं आमच्या विद्यार्थ्यांसाठीं एक कोडें देत आहों. नदीच्या कांठीं माडांची एक रांग आहे, असें समजा. कांहीं माड ठेंगणे, कांहीं उंच. ठेंगणा म्हणजे टिंब, उंच म्हणजे रेघ. डावीकडून वाचावयाचें. पहिल्या झुपक्यांत उंच, ठेंगणा, उंच. दुसऱ्यांत तिन्ही उंच. तिसऱ्यांत उंच व ठेंगणा. चौथ्यांत उंच, ठेंगणा, उंच. पांचव्यांत ठेंगणा व उंच. सहाव्यांत उंच व ठेंगणा. लागणारीं सर्व अक्षरें या लेखांत आलेलीं आहेत. उत्तर निघालें म्हणजे तें आधीं कोणास सांगूं नये. शेजारच्या मित्रास स्वतंत्रपणें काढूं द्यावें, आणि मग दोघांनीं आपापले कागद एकमेकांपुढें ठेवावे. दोन्ही जुळले तर, १८५७ सालीं त्या चौघां पंडितांस जो आनंद झाला असेल त्याचा थोडासा वांटा खारेपाटणच्या मुलांसही मिळेल.